घण त्याचा, पाचर माझी

९ जानेवारी १९७४, बुधवार

कय्युम आज मशीनवर गेला. मला न सांगता.

मी सकाळी नेहमीसारखा घण आणि पाचरी पोत्यात घालून त्याच्या दारात उभा. गोपीचंद मास्तरांकडची बाभूळ फोडायची होती, दोन दिवसांचं काम. खतीजाभाभी बाहेर आली. म्हणाली, "ते तर गेले, कोंडीबाभाऊ. किशनरावच्या वखारीला. आता तिथंच लागले." मी विचारलं, काय काम? म्हणे, इंजिनावर. बोलताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सव्वीस वर्षं! पोलीस ॲक्शन झाली त्या सालापासून घण त्याचा आणि पाचर माझी. मी खोडाच्या चिरेत लोखंडी पाचर धरायची, त्यानं वरून घण घालायचा. माझी बोटं पाचरीला, त्याचे डोळे पाचरीवर. एवढा भरवसा तर मी पद्माबाईवरही कधी टाकला नाही, आणि ती माझी बायको आहे.

पोतं तसंच उचलून घरी आणलं. मास्तरांना निरोप धाडला, अंग दुखतंय.

१० जानेवारी

अंग खरंच दुखतंय.

१४ जानेवारी, संक्रांत

पद्माबाई म्हणाली, "तिळगूळ द्याया जा की त्येच्याकडं. एवढं काय फुगून बसायचं?" गेलो नाही. दरवर्षी तो सकाळीच येतो, आज आला नाही. म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे.

आज रिकामाच होतो, जुनं आठवत बसलो. पहिल्यांदा भेटलो तो जिनिंगच्या आवारात. कडुलिंबाचं मोठं खोड पडलं होतं आणि मुकादम म्हणाला, दोन गडी पाहिजेत. मी आमच्या वस्तीतून गेलो, तो मोमीनपुऱ्यातून आला. तेव्हा दिवस असे होते की त्यालाही भीती आणि मलाही. मुकादमानं घण त्याच्या हातात दिला, पाचर माझ्या. पहिला घाव घालायच्या आधी तो थांबला आणि म्हणाला, "हात भिऊन मागं घेऊ नको. हलला तर लागंल. नाही हलला तर कधीच लागनार न्हाई." मी हललो नाही. लाकूड फाटलं ते अगदी सरळ, खारकेसारखं. मुकादमाला वाटलं आम्ही जुनेच जोडीदार आहोत.

दुपारी त्यानं भाकर सोडली आणि निम्मी माझ्यासमोर ठेवली. त्या काळी माझ्यासमोर कोणी भाकर हातानं ठेवत नव्हतं. वरून टाकत. हे मी त्याला कधी बोललो नाही, पण विसरलोही नाही.

२२ जानेवारी

वखारीवर जाऊन आलो. सहज गेलो होतो. सहज काय, बघायलाच गेलो होतो.

इंजिन धडधडतंय, पट्टा फिरतोय, गोल पातं कुंईईई करत लाकडात घुसतंय. मोहनसिंग नावाचा वसमतचा गडी ओंडका पुढं ढकलतो. आम्हाला जे खोड फोडायला सकाळ जायची, ते अर्ध्या तासात संपलं. खोटं कशाला बोलू, संपलं. तुकडे सगळे सारखे, साबणाच्या वड्यांसारखे. बाया तसलेच मागतात म्हणे, रचायला बरे पडतात.

आणि आमचा कय्युम? इंजिनाशेजारी डबड्यावर बसलेला. पाणी ओततो, हँडल मारतो, पट्टा घसरला की आवाजावरून सांगतो. लाकडाला हात नाही! ज्याच्या घणाला तालुक्यात जोड नव्हती तो माणूस तेल-पाणी करत बसलाय. मी पाच हातांवर उभा होतो. माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली. ओळखसुद्धा दाखवली नाही.

किशनराव म्हणाले, "कोंडीबा, तू बी ये. ढीग लावायला माणूस पाहिजे." मी म्हटलं, "विचार करतो." विचार कसला करायचाय! मला तिथं उभंही राहवेना. भुशाचा वास येतो नुसता. फोडलेल्या लाकडाला वास असतो. बाभळीचा वेगळा, आंब्याचा वेगळा. डोळे बांधा आणि ढलपी नाकाशी धरा, सांगतो. मशीनवर सगळ्याचा एकच वास, डिझेलचा.

२७ जानेवारी

पद्माबाईनं मशीनचं जळतण आणलं! शेजारणीकडून, चार तुकडे, बघू म्हणून. मला सांगितलं नाही. पण चूल काही पेटेना. घरभर धूर. मी भिंतीला टेकून बघत होतो.

शेवटी ती म्हणाली, "गुळगुळीत हाय न्हवं, आग धरतच न्हाई. तुमच्या ढलप्या बऱ्या." हातानं फोडलेल्या लाकडाला कुसळं राहतात, त्यांना आग पटकन लागते. मी हे तिला वीस वर्षं सांगतोय. आज पटलं. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

३ फेब्रुवारी

अंगठ्याचं काळं नख आज गळालं. खालून नवं, गुलाबी आलंय.

डिसेंबरात लागलं होतं. दर्ग्यामागची बाभूळ फोडत होतो. घण पाचरीच्या कडेला बसला आणि सटकून माझ्या अंगठ्यावरून गेला. थोडक्यात वाचलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! मी हसलो, म्हटलं, "म्हातारा झालास कय्युम." तो हसला नाही. घण खाली टाकला आणि माझा हात हातात घेऊन एकेक बोट चाचपत बसला. मी म्हणत होतो, अरे, एकच नख आहे. ऐकतच नव्हता. मग "आज बस झालं" म्हणून घरी गेला. पुढं चार कामं केली, पण घाव हलके, मोजून मारल्यासारखे. आणि मग मशीन.

मला वाटतं माझं ते हसणं त्याला लागलं. घणावाल्याला म्हातारा म्हटलेलं खपत नाही. पण म्हणून काय जोडी मोडायची?

१९ फेब्रुवारी

एकट्यानं मास्तरांची बाभूळ फोडली. सहा दिवस लागले. आपणच पाचर बसवायची, आपणच उठून घण घालायचा, पुन्हा बसायचं. मास्तर चांगले, काही बोलले नाहीत. त्यांची बायको बोलली, "पुढल्या बारीला मशीनीवर देऊ म्हनते, मामा."

८ मार्च, होळी

पोरांनी माझ्या ढिगातली दोन खोडं पळवली. ओरडलो, पण पाठीमागं धावलो नाही. मी आणि कय्युम तरी काय करायचो? होळीच्या दुसऱ्या दिवशी अर्धवट जळालेले ओंडके आणून फोडायचो, दोघं कोळशानं काळे. खतीजाभाभी आम्हाला दाराबाहेर उभं करून अंगावर पाणी टाकायची. त्यांचा जमील तेव्हा रांगत होता, आम्हाला बघून भोकाड पसरायचा. आता तो जमील नांदेडला शिंप्याच्या दुकानात आहे.

१७ मार्च, रविवार

जयंतीची मीटिंग झाली. या वर्षी सगळ्या वस्तीचं जेवण, शिवाय बाहेरगावचे पाहुणे. लाकूड भरपूर लागणार. आणि लाकूड मिळालंसुद्धा, फुकट! अमृतरावांच्या मळ्यातली चिंच.

ही चिंच म्हणजे साधी नाही. आमच्या सगळ्या हट्टा गावाची भुतं तिच्यात आहेत. कोणाला झपाटलं की देवऋषी यायचा, भूत त्या चिंचेत ठोकायचा आणि वर खिळा मारायचा. माझ्या आजीच्या आधीपासून. बहात्तरच्या दुष्काळात झाड उभं वाळलं, तरी दोन वर्षं कोणी फांदीला हात लावला नाही. अमृतराव म्हणाले, "न्या बाबांनो, तुमी काय भुताला भीत न्हाई." पोरं खूष. धर्म बदलल्यापासून आपल्याकडं भूत नाही, देवऋषी नाही. मग असलं कोरडं ठणठणीत लाकूड कशाला सोडायचं?

मी म्हटलं, दरवर्षीसारखं हातानं फोडू. जयंतीचं लाकूड मी आणि कय्युम फोडतो, सतरा वर्षं. तो एक पैसा घेत नाही. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हणाला, "कोंडीबाकाका, कय्युमचाचा तर मशीनवर हायेत. मशीनवरच देऊ की. एका दिवसात काम." मी उठून आलो.

२९ मार्च

झाड पाडलं. करवतीनं आडवे तुकडे केले. बुंध्याचे चार ओंडके, दोघांच्या कवेत मावणार नाहीत एवढे. गावातल्या निम्म्या बाया लांबून बघत होत्या, कोणती भुतं बाहेर पडतात ते.

६ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते लिहिताना हसू आवरत नाही, आणि हसायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिला ओंडका मशीनवर चढवला. सहा गडी लागले. इंजिन सुरू झालं. पातं चार बोटं आत गेलं आणि खाड! ठिणग्या! पात्याचे दात उडाले, एक दात पत्र्यात घुसला. मोहनसिंग खाली बसला म्हणून वाचला. सगळे पळाले. बाहेर कोणीतरी ओरडलं, "भूत सुटलं!"

खिळे. पिढ्यान्‌पिढ्या मारलेले खिळे लाकडानं गिळून टाकलेले, बाहेरून एक दिसत नाही. भुतं खोटी होती, पण खिळे खरे होते! आणि हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्यासकट.

किशनराव भयंकर तापले. नवं पातं परभणीहून येणार, आणि चिंचेचा तुकडा पुन्हा आवारात दिसता कामा नये. पोरांची तोंडं उतरली. जेवण आठ दिवसांवर. मीटिंगमध्ये "मशीनवरच देऊ" म्हणणारा तोच पोरगा संध्याकाळी दारात आला. "काका, आता काय करायचं?"

मी म्हटलं, घण-पाचरीला खिळा अडवत नाही. पाचर खिळ्याला वळसा घालून जाते, लाकूड जिथं फाटायचं तिथंच फाटतं. पण दोन माणसं पाहिजेत. आणि दुसरा माणूस एकच आहे.

९ एप्रिल

गेलो त्याच्याकडं. तीन महिन्यांनी. मशीन बंद म्हणून घरीच होता, अंगणात बसलेला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "ये कोंडीबा." माझा पायरव ओळखतो अजून. बरं वाटलं, पण दाखवलं नाही.

मी सांगितलं सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घण न्हाई घालनार मी."

"काहून?"

"न्हाई म्हटलं न. दुसरा गडी बघ."

मी म्हटलं, सतरा वर्षं केलंस ते जयंतीचं काम आहे. म्हणाला, माहीत आहे. मी म्हटलं, मशीनवर बसून दंड गेले का तुझे? म्हणाला, व्हय, गेले. मग मी जे बोललो ते बोलायला नको होतं. म्हटलं, "बैठ्या मजुरीची चटक लागली तुला. जोडीदाराची लाज न्हाई वाटली?" खतीजाभाभी आतून काहीतरी बोलायला निघाली, त्यानं हात वर करून तिला थांबवलं. मला म्हणाला, "चहा घे." मी चहा न घेता आलो.

सव्वीस वर्षांत त्याच्या घरून चहा न घेता पहिल्यांदाच.

१० एप्रिल

एकट्यानं सुरुवात केली. दुपारपर्यंत एका ओंडक्याला एक चीर. हाताला फोड आले.

११ एप्रिल

संध्याकाळी तो आला. आपल्या भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून, हळूहळू. वाटलं, गुडघे दुखतात वाटतं. माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "करतो काम. पण पाचर माझी. घण तुजा."

मला आधी कळलंच नाही. सव्वीस वर्षांत आम्ही कधी अदलाबदल केली नाही. मी म्हटलं, "मला कुठं घण येतोय? तुझ्या बोटाला लागंल."

"हलनार न्हाई मी," तो म्हणाला. "मंग कसं लागंल?"

त्याचंच पहिल्या दिवसाचं बोलणं आता माझ्या गळ्यात. हो म्हटलं. दुसरा रस्ता कुठं होता?

१२ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर फोडलं. दुपारी तो नमाजाला जाऊन आला, तेवढंच थांबलो. हात इतके दुखतात की अक्षर वाकडं येतंय. पण आज लिहायचंच.

पहिला घण उचलला आणि तसाच बाजूला उतरवला. खाली त्याची बोटं. इतकी वर्षं मी खाली बसून वर बघायचो, मला कधी भीती वाटली नाही. वर उभं राहून खाली बघणं फार वाईट! म्हणजे त्यानं हे रोज केलं. रोज माझी बोटं बघितली आणि रोज घण घातला.

मी म्हटलं, कय्युम, मला जमत नाही. तो म्हणाला, "आधी पाचरीवर नुसता टेकव. टक. मंग उचल." तसं केलं आणि घातला. बसला! बराबर माथ्यावर.

मग आठवलं, ही टकटक त्याचीच. दोन वर्षांपासून त्यानं नवंच काढलं होतं. मी पाचर बसवली की मीच तिच्यावर हातोडीनं तीन वेळा ठोकायचं, मोठ्यानं, आणि "हां" म्हणायचं. पाचरीच्या माथ्याला चुनाही लावायला लावायचा, माझ्या तंबाखूच्या डबीतला. मी चेष्टा करायचो, पाचरीचं लग्न लावतोस का? तो म्हणायचा, "कर सांगितलं तसं." म्हातारपणी माणसाला काहीही सुचतं.

आज त्याची बोटं बघत होतो. पाचर लावायच्या आधी तो लाकडावर दोन्ही तळवे फिरवायचा, अंगावरून फिरवावेत तसे. आणि म्हणायचा, "हितं खिळा हाय. चार बोटं डावीकडं घेतो." मला काहीच दिसत नव्हतं. फोडलं की खरंच खिळा, गंजलेला, बोटाएवढा. एकही चुकला नाही. एकदा म्हटलं, "लेका, तुला आतलं दिसतंय काय?" तो हसला. पाचर धरताना तो पाचरीकडं बघतच नव्हता, तोंड वर करून आभाळाकडं. मी म्हटलं, डोळे कुठं लावून बसलास? म्हणाला, "तुज्या आवाजाकडं."

तिन्हीसांजेला शेवटचा ओंडका फाटला. आत लाल, तांबूस लाकूड, आणि तो आंबट वास. दोघंही बराच वेळ वास घेत बसलो. एकोणपन्नास खिळे निघाले. पोरांनी डब्यात घातले. मी म्हटलं, एकोणपन्नास भुतं. कय्युम म्हणाला, "येक राहिलं आसंल. आपल्या दोघातलं." दोघंही हसलो. इतकं हसलो की पद्माबाई बघायला आली.

फार दिवसांनी बरं वाटलं.

१४ एप्रिल, जयंती

जेवण झकास झालं. चिंचेचा जाळ धडधड, धूर नाही. पाहुण्यांनी विचारलं, लाकूड कोणतं? पोरांनी सगळी गोष्ट सांगितली, माझं नाव घेऊन, कय्युमचं नाव घेऊन.

पंगतीत तो माझ्या शेजारी होता. मी म्हटलं, आता झालं गेलं विसरू. उद्यापासून ये, अशीच उलटी जोडी करू, घण मी शिकेन. तो भाताचा घास हातात धरून म्हणाला, "न्हाई कोंडीबा. तुला धाप लागती, मला ऐकू येतं. पन्नाशीत घण धरू नको. मशीनच बरी आता."

म्हणजे अजून मशीनच! मी पान बाजूला सारलं. त्यानंही जेवण लवकर उरकलं आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला, मागं वळून बघितलं नाही. ठीक आहे. ज्याला जोडीदार नको त्याच्या मागं किती लागायचं? घण-पाचरी माळ्यावर टाकून दिल्या. संपलं.

१६ एप्रिल

जयंतीची उरलेली बुंदी घेऊन खतीजाभाभीकडं गेलो. तो वखारीवर होता. तिनं डबा घेतला आणि रडायलाच लागली. "तुमाला सांगू नका म्हनून कसम घातली होती, कोंडीबाभाऊ. पन आता ऱ्हावत न्हाई. दोन वरसं झाली, उजव्या डोळ्यानं काही दिसत न्हाई त्येंना. डाव्यानं नुसतं धुकं. तुमच्या अंगठ्याला लागलं त्या राती जेवले न्हाईत. म्हनले, कोंडीबाला सांगितलं तर तो दुसरा गडी बघनार न्हाई. माज्याच घणाखाली हात घालून बसंल. म्हनून गेले मशीनीवर."

घरी आलो. माळ्यावरून पोतं काढलं. पाचरीच्या माथ्यावर अजून चुना आहे.

जेवायच्या आधी हात धुताना बोटं मोजली. दहाच्या दहा आहेत.